उलट्या आट्याचा सिलिंडर

भवानी पेठ, सोलापूर
९ मे २०२५

चि. अमरेश,

नऊ दिवस झाले, तुझा फोन बंद. महेश्वरीला लावला तर म्हणाली, "आम्ही हुबळीला माझ्या माहेरी आहोत, हे कुणाशी बोलायला तयार नाहीत." बरं, बोलू नकोस. वाच तरी. माझं अक्षर तुला लागतं.

आधी इसूफभाईंचं सांगते. चेहरा डाव्या बाजूनं भाजलाय, दोन्ही हात कोपरापर्यंत. फुग्यांचं रबर वितळून कातडीला चिकटलं होतं. ते काढत होते तेव्हा मी आणि त्यांची बायको अजीजा बाहेर बाकावर बसलो होतो. आतून आवाज येत नव्हता, त्याचीच जास्त भीती वाटली. डॉक्टर म्हणाले डोळे वाचलेत. उजव्या हाताची बोटं वळतील की नाही ते दोन महिन्यांनी कळेल. साडीच्या दुकानातल्या त्या मुलीची वेणी जळाली, मान थोडी भाजली. ती घरी गेली.

नव्या पेठेत ज्याच्या त्याच्या फोनवर तो व्हिडिओ आहे. फुलं घ्यायला गेले तर फुलवाल्यानं मलाच दाखवला, त्याला काय माहीत मी कोण. एकदाच बघितला. अक्षय्यतृतीयेचा मुहूर्त, दुकानासमोर गर्दी, शेटची बायको आरतीचं ताट घेऊन पायरी उतरतेय. इसूफभाई शंभरएक फुग्यांचा घोस धरून बाजूला उभे. वाऱ्यानं घोस ताटावर झुकतो. मग जाळ म्हणावा तर जाळसुद्धा दिसत नाही, नुसता फिकट भपकारा आणि आवाज. फोन धरणाऱ्याचा हात हलतो आणि संपतं.

अमरेश, हेलियम असा जात नाही. हेलियम राजवायू आहे, तो कशाशीच संयोग करत नाही. त्याच्यात पेटती काडी धरली तर काडी विझते. घोसात होता तो हायड्रोजन. चौकीतले म्हणतील ही दहावी पास बाई काय सांगणार, पण एकोणतीस वर्षं मी कॉलेजच्या केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये परिचर होते. सर लोक फळ्यावर लिहायचे आणि मी हातानं करून द्यायची. पांढरा फॉस्फरस पाण्याखालीच कापायचा, क्लोरीनचा वास आला की आधी खिडकी उघडायची मग खोकायचं, ब्रोमीनच्या बाटलीचं बूच कधी आपल्या तोंडासमोर काढायचं नाही. माझ्या मनगटावरचा डाग ब्रोमीनचाच आहे, तू लहानपणी त्याला नकाशा म्हणायचास.

तर तुला फसवलंय. तू हेलियम मागवलास आणि गॅसवाल्यानं दुसराच माल दिला. तू ये. पावती घेऊन ये. आपण दोघं चौकीत जाऊ, मी साहेबांना समजावून सांगेन. इसूफभाईंना एकदा भेट. पहिलीपासून सातवीपर्यंत तुला रिक्षातून शाळेत सोडलेला माणूस आहे तो. डोळे अधू झाले म्हणून रिक्षा विकली, तेव्हा माझ्या शब्दावर तू त्यांना तुझ्या फुग्यांच्या कामावर घेतलंस. शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिलं काय विचारलं सांगू? "अमरेशला लागलं का?"

त्या दिवशी सकाळी मी तुझ्या गोडाऊनला आले होते. त्याबद्दल आत्ता लिहीत नाही.

तुझी
दोड्डम्मा


२१ मे २०२५

अमरेश,

पहिल्या पत्राचं उत्तर नाही. आता मला त्याची वाटही बघायची नाही, कारण काल अजीजा येऊन गेली.

ती दारातच उभी राहिली. आत ये म्हटलं तर आली नाही. तीस वर्षं माझ्या चुलीपर्यंत येणारी बाई.

"अक्का, अमरेशनं जबाब दिलाय."

"कधी?"

"जायच्या आदल्या दिवशी. म्हणे, सिलिंडर इसूफनं आणला. हेलियमचे पैसे घेतले आन् सस्ता गॅस भरून आणला. मला काय ठाव न्हवतं म्हणे."

"तुला कुणी सांगितलं?"

"साहेब दवाखान्यात आले हुते. ह्यांना वाचून दाखवलं. ह्यांनी ऐकलं आन् तोंड भिंतीकडं केलं. तवापास्नं दूध बी घेतलं न्हाय."

मी म्हणाले, काहीतरी चूक झाली असेल, लिहिणाऱ्यानं उलटसुलट लिहिलं असेल. ती जायला वळली. मग म्हणाली, "अक्का, त्यांना दिसत न्हाय नीट. सिलिंडरवरचं वाचणार हुते का ते?" आणि गेली.

मी बराच वेळ जिन्याच्या पायरीवर बसून राहिले. समोरच, जिन्याखाली, तुझा दुसरा सिलिंडर होता. मार्चमध्ये तू आणून ठेवलास, पोत्यात गुंडाळून. "गोडाऊनला जागा नाही, दोड्डम्मा, आठ दिवस राहू दे." चौकीतल्यांना हा माहीत नाही. मी पोतं काढलं. तपकिरी रंग. हेलियमचा सिलिंडर तपकिरीच असतो, हायड्रोजनचा लाल. एवढं वाचायची गरज नसते, लांबून ओळखू येतं म्हणूनच रंग ठरवलेत. मग मी नखानं मानेजवळ खरवडलं. नखानं निघेना म्हणून विळीचं टोक घेतलं. कपच्या निघाल्या. खाली लाल.

रंग कुठला तेही मला कळलं. आपल्या दाराचा. दिवाळीत अर्धा डबा उरला होता आणि मीच म्हणाले होते, घेऊन जा, दुकानाच्या फळीला लाव.

म्हणजे तुला कुणी फसवलं नाही. तू फसवलंस. आणि हा सिलिंडर दोन महिने माझ्या शेगडीपासून आठ पावलांवर होता. मी रोज सकाळी काडी ओढत होते, अमरेश. तुला कधी वाटलं नाही का की दोड्डम्मा एकटी असते?

तुला हायड्रोजन म्हणजे काय ते कळत नव्हतं असं तू कुणालाही सांग, मला सांगू नकोस. माझी धाकटी बहीण, तुझी आई गेली तेव्हा तू चार वर्षांचा. घरी बघायला कुणी नाही, म्हणून शाळा सुटली की इसूफभाई तुला कॉलेजच्या फाटकात सोडायचे आणि तू वजनकाट्यांच्या खोलीत बसून गृहपाठ करायचास. महादेवप्पा सरांनी एकदा तुझ्यासाठी मुद्दाम जस्तावर आम्ल घालून गॅस गोळा केला. परीक्षानळी पालथी धरली, काडी जवळ नेली, पॉप झालं. तू टेबलाखाली जाऊन बसलास आणि मग बाहेर येऊन म्हणालास, अजून एकदा. बारा वेळा करायला लावलंस. सर हसत म्हणाले, "लक्षात ठेव बाळा, हायड्रोजन संधी मिळाली की ऑक्सिजनला धरतोच. हलका दोघांचाही फुगा असतो, हायड्रोजनचा आणि हेलियमचा. उडताना फरक कळत नाही. काडी लावल्यावर कळतो." रात्री जेवताना तू मला तेच्या तेच म्हणून दाखवलंस.

इसूफभाईंना हे कुणी शिकवलं नव्हतं. त्यांना तू जे सांगितलंस तेवढंच माहीत होतं.

जबाब बदल. अजून वेळ आहे. माणूस घाबरतो, तोंडातून काहीबाही जातं, हे मी समजून घेईन. पण बदल.

दोड्डम्मा


४ जून २०२५

अमरेश,

परवा तू अनोळखी नंबरावरून फोन केलास. कागदावर लिहिते, कारण फोनवर मला बोलायला सुचलं नाही, आणि तू काय म्हणालास ते तुलाही पुन्हा एकदा वाचायला मिळावं.

मी विचारलं, जेवलास का. सवय. तू म्हणालास, "दोड्डम्मा, मी एक टेम्पो पाठवतो. जिन्याखालचा माल त्याला देऊन टाक. तो उजनीकडं जातो, बॅकवॉटरला सोडून देईल. कुणाला कळायचं नाही."

मी म्हणाले, "इसूफभाईंचं काय?"

"त्यांचं वय झालंय. त्यांना कोण आत टाकतंय? माझं लेकरू लहान आहे, धंदा जाईल."

"तू खोटं लिहून दिलंस."

"हेलियम मिळत नव्हता. मिळाला तर परवडत नव्हता. ऑर्डर घेऊन बसलो होतो. सगळे हाच भरतात, दोड्डम्मा, गावोगाव भरतात, काही होत नाही. एका वेळेला झालं."

मग तू आवाज खाली आणलास. लहानपणी काही हवं असलं की आणायचास तसा. "तुझं नाव मी कुठं घेतलंय का? त्या दिवशी पाना तुझ्या हातात होता. इसूफचाचाला तूच सांगितलंस. मी साहेबाला बोललो का? तुला जपलं की नाही मी?"

हे तुझ्या तोंडून ऐकायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. जे मी दोन पत्रांत लिहिलं नाही, ते तू राखून ठेवलं होतंस. कधीतरी माझ्यावर वापरायला.

तर आता मीच लिहिते. सगळं.

३० एप्रिलला सकाळी आठला मी गोडाऊनला आले. शेंगाची पोळी केली होती, डबा घेऊन. तुम्ही फुगे भरत होता. सिलिंडरला नळी जोडायचा नट ढिला होता, सूं असा आवाज येत होता. तू फोनवर होतास, इसूफभाईंना नट नीट दिसत नव्हता. मी म्हणाले, आणा इकडं पाना. लॅबमधली सवय, गळती ऐकली की हात शिवशिवतात. नट घट्ट करायला पाना उजवीकडं फिरवला तर आवाज वाढला. डावीकडं फिरवला तर थांबला.

उलटा आटा.

पेटणाऱ्या गॅसचाच आटा उलटा असतो. मुद्दाम ठेवलेला असतो, एकाची नळी चुकून दुसऱ्याला बसू नये म्हणून. आमच्याकडं पीएच.डी.च्या खोलीत हायड्रोजनचा सिलिंडर होता, त्याचा नट मी वर्षानुवर्षं डावीकडं आवळलाय. हेलियमचा सुलटा. रंग लावता येतो, आटा बदलता येत नाही. माझ्या हाताला त्याच क्षणी कळलं. मी तुझ्याकडं बघितलं. तू फोन कानाला ठेवूनच म्हणालास, "नवीन फिटिंग आहे, दोड्डम्मा. बाहेरची. त्याचं असंच असतं."

आणि मी ते घेतलं. माझं डोकं नाही म्हणत होतं. तिथं काडेपेटी होती, एक फुगा अंगणात नेऊन दोरीनं बांधायचा, लांब काठीला काडी लावायची, एका मिनिटाचं काम. एकोणतीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांना ही परीक्षा करून दाखवली. पण तू घाईत होतास, शेट फोनवर ओरडत होता, आणि तुला चारचौघांत खोटं ठरवायचं मला जमलं नाही. मला वाटलं, माझा अमरेश असं करणार नाही. असं वाटायला सोपं होतं, म्हणून वाटलं.

मग इसूफभाईंनी विचारलं. त्यांना वास आला नव्हता, काही दिसलं नव्हतं, नुसतं तुझं ते बोलणं ऐकून विचारलं. "अक्का, ह्ये पेटत न्हाय की?"

मी म्हणाले, "न्हाय हो. हेलियम हाय. काडी लावली तरी पेटायचं न्हाय."

ते हसले. आरतीच्या ताटाजवळ ते निवांत उभे राहिले ते त्यामुळं. तुझ्या शब्दावर नाही, माझ्या.

तू जपलंस म्हणतोस. तू मला जपलं नाहीस, बांधून ठेवलंस. टेम्पो पाठवू नकोस. तो आला तर रिकामाच परत जाईल.

शरणम्मा


१७ जून २०२५

अमरेश,

टेम्पोवाला आला होता. मल्लेश नाव सांगितलं, भला वाटला, त्याला काही माहीत नव्हतं. त्याला चहा दिला आणि परत पाठवलं.

त्यानंतर पाच दिवस मी काहीच केलं नाही. हेही लिहायला पाहिजे. देवाला गेले, कपाट आवरलं, तुझे शाळेतले दाखले निघाले ते पुन्हा लावून ठेवले. मनात चाललं होतं की माझ्या सांगण्यानं काय होणार आहे, जळालेले हात काही नीट होणार नाहीत. पेन्शनचाही विचार आला, खोटं कशाला बोलू. बासष्टाव्या वर्षी चौकीत बसायचं, भावकी काय म्हणेल. तू जसा विचार केलास तसाच केला मी. फरक एवढाच की मला त्याची लाज वाटत होती, आणि लाज वाटूनही मी घरातच होते.

गुरुवारी इसूफभाईंना घरी सोडलं. शुक्रवारी मी गेले. अजीजानं दार उघडलं आणि बाजूला झाली. ते खाटेवर बसले होते, हात पट्टीत, उशीवर ठेवलेले. चेहऱ्याची एक बाजू चकचकीत गुलाबी झालीय. मला ओळखायला त्यांना वेळ लागला, आवाजावरून ओळखलं.

मी बसले नाही. बसले असते तर बोलले नसते. म्हणाले, "इसूफभाई, त्या सकाळी मला कळलं होतं. नट उलटा फिरला तेव्हाच कळलं होतं."

त्यांनी मान माझ्याकडं वळवली.

"साहेबांना तुम्ही माझं नाव का नाही सांगितलं? मी पेटत नाही म्हणाले होते ते?"

"मला वाटलं, अक्काला बी फसवलंय त्यानं." पुढं म्हणाले, "एका घरातनं दोन माणसं गेली असती. पोरगा गेलाच हुता. तू तरी ऱ्हावी म्हणून गप बसलो."

अमरेश, तू माझं नाव राखलंस आणि त्यांनीही राखलं. दोन्हींत किती अंतर आहे ते मला तिथं उभं राहून कळलं.

मग ते म्हणाले, "तुला ठाऊक हुतं."

"व्हय."

"तू न्हाय म्हणालीस म्हणून मी उभा ऱ्हायलो. न्हायतर सरकलो असतो की, अक्का. दोन पावलं. दोन पावलं सरकायला काय लागतं."

अजीजा आत गेली. भांड्यांचा आवाज नाही, काही नाही. मी वाट बघत होते की ते मला बोलतील, चिडतील. ते उशीवरच्या हातांकडं बघत होते. शेवटी म्हणाले, "आता जा तू. आन् परत येऊ नको. राग न्हाय. पन येऊ नको."

तिथून मी थेट चौकीत गेले. घरी गेले असते तर पुन्हा कपाट आवरत बसले असते.

साहेब तरुण आहेत, सायन्सचे निघाले. मी आटा म्हणाले तर त्यांना लगेच समजलं. जप्त केलेला सिलिंडर मागच्या खोलीत होता, त्यांनी मला नेलं, मी पाना मागितला आणि करून दाखवलं. उजवीकडं ढिला, डावीकडं घट्ट. मानेजवळचा रंग त्यांनीच खरवडला. मग दोघं पोलीस माझ्याबरोबर रिक्षानं घरी आले आणि जिन्याखालचा सिलिंडर घेऊन गेले, पंचनामा करून, शेजारच्या केराबाईंची सही घेऊन. सगळी गल्ली उभी होती. दाराचा रंग आणि सिलिंडरचा रंग सारखा आहे हेही मीच दाखवलं.

जबाब लिहिताना साहेबांनी विचारलं, "आरोपीशी नातं?"

मी म्हणाले, "बहिणीचा मुलगा. मी वाढवलाय."

त्यांनी पेन थांबवलं. "बाई, तुम्हाला हे सांगायची सक्ती नाही. तुमच्यावरही येऊ शकतं."

मी म्हणाले, "यायला पाहिजे. तुम्ही लिहा, मला माहीत होतं म्हणून." त्यांनी लिहिलं. मी वाचून बघितलं आणि सही केली.

इसूफभाईंचं नाव आरोपीतून निघेल असं ते म्हणाले. तुझ्यासाठी हुबळीला माणूस जाईल. कधी ते मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

मी तुझ्यावर फार राग धरून आहे. वाचताना तुला वाटेल की म्हातारी आता न्यायाची गोष्ट करतेय. तसं नाही. त्या टेम्पोच्या फोनवर तू जो आवाज काढलास, तो मला विसरता येत नाही. मी वाढवलेलं पोर माझ्याच चुकीची किंमत मला सांगत होतं. आणि चूक खरी होती, हेच त्यातलं वाईट.

महेश्वरीला माझा राग नाही. लेकराला उन्हात पाठवू नका.

पुढच्या बुधवारी, २५ तारखेला, सकाळी अकराला मला पुन्हा बोलावलंय, कोर्टाच्या कागदासाठी. तू आलास तर गाडीतून उतरून घरी ये, दोघं मिळून जाऊ. तू स्वतः हजर झालास असं लिहिलं जाईल, त्याला काही अर्थ असतो म्हणतात. मी साडेदहापर्यंत दारात बसेन. साडेदहानंतर कुलूप लावेन आणि एकटी जाईन.

शरणम्मा